गावंडेभाऊंचे शेरे

उकंडराव गावंडे स्वतः तंबाखूला शिवत नसत, पण त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी कायम असायची. कुणाच्याही ओसरीवर टेकले की आधी दहा मिनिटं सोयाबीनवरची अळी, पोरांची शाळा, सोयरीक अशा गप्पा व्हायच्या. मग समोरच्या माणसाच्या हातात ती पुडी ठेवून ते म्हणायचे, "घोट बाबू जराशी. माह्या बोटात जीव नाही राह्यला." तो माणूस पुडी सोडायचा, तळव्यावर तंबाखू घ्यायचा, नखानं चुना लावायचा, अंगठ्यानं मळायचा, थाप मारून भुकटी उडवायचा. गावंडेभाऊ इकडेतिकडे बघत बसल्यासारखे दिसायचे, पण त्यांचं सगळं लक्ष त्या तळव्यावर असायचं. मळता मळता हात थांबला का, चुना विसरला का, झाल्यावर चिमूट कुणाला द्यायची हे ध्यानात राहिलं का, हे सगळं ते टिपून घ्यायचे. ती चिमूट कागदात बांधून खिशात टाकायचे आणि गावाबाहेर आलं की झुडपात फेकून द्यायचे. बाईमाणूस असलं तर त्याच खिशातून सुईदोरा निघायचा. सदऱ्याची एक गुंडी त्या दिवशी त्यांनी घरूनच तोडून आणलेली असे.

हा सगळा खटाटोप आमच्या एका प्रकल्पासाठी होता. जिल्ह्यातल्या एका रुग्णालयात मी नुकतीच संशोधन अधिकारी म्हणून लागले होते. मोटारसायकलवरून, झाडावरून, स्लॅबवरून पडून डोक्याला मार लागलेली माणसं आमच्याकडे यायची. त्यातली बरीच वाचायची आणि टाके काढून घरी जायची. घरी गेल्यावर सहा महिन्यांनी आणि वर्षानं ती कशी आहेत, हे आम्हाला शोधायचं होतं. त्यासाठी नेरपासून महागावपर्यंत गावोगाव फिरणारा माणूस हवा होता. मुलाखतीला आलेल्या तरुणांनी मोपेड आणि उन्हाळा हे दोन शब्द ऐकून काढता पाय घेतला. उरले गावंडेभाऊ. आरोग्य खात्याच्या मलेरिया विभागातून निवृत्त, डोक्यावर पांढरी टोपी, वरचे समोरचे दोन दात गायब.

"डोक्याच्या दुखापतीबद्दल तुम्हाला काय माहिती आहे?" मी जरा तोऱ्यातच विचारलं.

"काहीच नाही, मॅडम," ते म्हणाले. "मलेरियाचं काम सोपं होतं. बोट घ्या, सुई टोचा, काचेवर थेंब घ्या. रगत खोटं बोलत नाही, तोंड बोलते. तुमच्या ह्या कामात सुई टोचाले जागाच नाही. मंग पाहत बसा लागंन."

मला ते उत्तर गमतीचं वाटलं. आता वाटतं, त्या खोलीत डोक्याच्या दुखापतीबद्दल ज्याला काही कळत होतं तो माणूस टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसला होता.

त्यांच्या नावावर विभागातले ज्युनिअर डॉक्टर हसायचे. गावंडेभाऊ स्वतःच त्यांना नावाची कथा सांगायचे. त्यांच्याआधीची दोन भावंडं जगली नव्हती, म्हणून हे बाळ जन्मल्याबरोबर आजीनं उकंड्यावर, म्हणजे उकिरड्यावर, ठेवलं आणि शेजारणीनं उचलून आणलं, म्हणजे यमाला वाटावं की हे टाकून दिलेलं आहे. "यमालेबी फसवता येते," ते म्हणायचे, "फक्त त्याच्या कागदावर आपली नोंद चुकली पाह्यजे." कागदावर त्यांचा विश्वास कमी आणि धाक मोठा होता. मलेरियातली सगळी वर्षं त्यांनी घराच्या भिंतींवर भेटीच्या तारखा लिहिल्या होत्या. दिग्रसकडच्या काही गावांत अजूनही लोक त्यांना 'मलेरियाभाऊ'च म्हणायचे आणि आम्ही डोक्याचे रुग्ण शोधायला गेलो की म्हाताऱ्या बाया सवयीनं बोट पुढे करायच्या.

फॉर्म मात्र माझा होता. आमचं घर यवतमाळातलं, आजोबा कोर्टात, वडील कोर्टात. घरात चुकून कुणाच्या तोंडून 'मला'ऐवजी 'मले' निघालं तर आई डोळे वटारायची. त्यामुळे इंग्रजी फॉर्मचं मराठी करायचं काम आमच्या विभागप्रमुख सरांनी दिलं तेव्हा मला कोण आनंद झाला. ऱ्हस्वदीर्घाची एक चूक दाखवा आणि बक्षीस घेऊन जा, अशा थाटात मी तो फॉर्म केला. त्यातला शेवटचा आणि सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न होता, 'रुग्ण पूर्ण बरा झाला आहे काय?' 'होय' असेल तर पुढे १ लिहायचा. ज्याला १ मिळाला त्याला परत तपासायला बोलवायचं नाही. सगळ्यांत खाली 'शेरा' असा एक रकाना होता. सगळ्याच सरकारी कागदांना असतो म्हणून मी तो ठेवला होता.

पहिला गठ्ठा आला आणि जवळपास सगळे 'होय' निघाले. मी खूश. गावंडेभाऊ टेबलाशी उभे होते, ते काही हलेनात.

"मॅडम, हा सवाल बदलवा लागते."

"का?"

"आपल्याकडं कोनालेबी इचारा, कसं हाये? तं बरं हाये. ताप असू द्या, घरात मयत असू द्या, बरं हाये. हे उत्तर नाही मॅडम, हा रामराम हाये. आन डोक्याचं दुखनं तं त्याहून अवघड. डोक्यात फरक पडला म्हनलं का गावात मानूस येडा ठरते. मंग त्याच्या बहिनीची सोयरीक होत नाही. कोन सांगन खरं?"

"मग काय विचारायचं म्हणता?"

"पयलेसारखा हाये का, असं इचारा. आन घरातल्या बाईले इचारा. तेबी एकटीले."

मी त्यांना समजावलं की फॉर्म मंजूर झालेला असतो, मध्येच प्रश्न बदलला तर अभ्यास बाद ठरतो. हे अर्धंच खरं होतं. एक अर्ज आणि दोन बैठका केल्या असत्या तर प्रश्न बदलता आला असता. पण 'बरा' हा माझ्या मराठीचा शब्द होता आणि टोपीवाल्या म्हाताऱ्यानं त्यात खोट काढावी हे मला रुचलं नव्हतं. "तुम्हाला वेगळं काही दिसलं तर शेऱ्यात लिहा," असं म्हणून मी त्यांची बोळवण केली.

त्यांनी ते शब्दशः घेतलं. त्या दिवसापासून त्यांचे शेरे रकान्यात मावेनासे झाले. बारीक अक्षर कडेनं वर चढायचं, पान उलटून मागे जायचं. 'बरा. पन बैलाले नावानं हाक मारत नाही, ए म्हनते.' 'बरी हाये म्हनते. फोडनी जळून घरात धूर झाला तरी नाकाले पत्ता नाही.' 'बरा. तमाखू फक्कड घोटली पन मले न देता सोताच खाल्ली. माय म्हनते पयले असा नोयता.' 'बायको म्हनते बरा. म्हनतानी पदर तोंडाले लावला.' सुरुवातीचे काही महिने चहाच्या वेळी मी हे शेरे मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. नाव न आठवणं, वास जाणं, स्वभावच पालटणं, अशी मेंदूच्या माराची एकेक खूण त्या माणसानं आमच्या पुढ्यात आणून ठेवली होती आणि आम्ही त्यावर बिस्किटं खात होतो. नंतर गठ्ठे वाढले, हसायलाही वेळ उरला नाही. मी फक्त आकडा बघून संगणकात भरायला लागले.

बोलण्यात ते कुणाला हार जायचे नाहीत. माझी एक मैत्रीण दातांची डॉक्टर होती. जबड्याच्या हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावण्याच्या अभ्यासासाठी ती माणसं शोधत होती. गावंडेभाऊंची ती दोन दातांची खिडकी बघून तिला भलताच हुरूप आला. फुकट दात मिळतील, म्हणाली. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, तुमच्या कागदावर यशस्वी कोनाले म्हनता?"

"वर्षानं स्क्रू हलला नाही, हाडानं धरला, की यशस्वी."

"आन मानसानं भाकर खाल्ली का नाही, ते कोनत्या रकान्यात हाये?"

तसा रकाना नव्हता. "मंग तो दात तुमचाच राह्यला, माहा कायले म्हनता," असं म्हणून ते उठले आणि शेवटपर्यंत खिडकी घेऊनच हिंडले. हा किस्सा मी आजही सांगते आणि लोक हसतात. पुढचं मात्र मी आजवर दोन माणसांपलीकडे कुणाला सांगितलेलं नाही.

महागाव तालुक्यातला प्रल्हाद नावाचा बत्तीस-तेहेतीस वर्षांचा शेतकरी दिग्रसच्या बाजारातून परत जाताना मोटारसायकल घसरून पडला होता. मेंदूवर साकळलेलं रक्त काढावं लागलं. त्याची बायको सुनंदा अठरा दिवस वॉर्डाच्या दाराशी बसून होती. तिचे सासरे रोज संध्याकाळी यायचे, ते आले की ती उठून उभी राहायची. प्रल्हाद चालत घरी गेला तेव्हा तिनं मला पिशवीभर ओल्या तुरीच्या शेंगा आणून दिल्या होत्या. सहा महिन्यांनी गावंडेभाऊ त्यांच्याकडे जाऊन आले. फॉर्मवर १ होता. मी तो भरला आणि फॉर्म गठ्ठ्यात टाकला.

चार-पाच दिवसांनी त्यांनी मला जिन्यात गाठलं. माझ्या एका हातात चहाचा कप होता, दुसऱ्या हातात कागद. आमचा शोधनिबंध त्या आठवड्यात पाठवायचा होता आणि सर खाली वाट बघत होते.

"मॅडम, त्या महागावकडच्या प्रल्हादचा शेरा वाचला काय?"

"वाचला," मी म्हणाले.

"मंग?"

"काळजीचं काही नाही."

"मंग त्याच्या बायकोले सांगू ना तसं? लय भेली हाये ते."

"सांगा," मी म्हणाले आणि जिना उतरले. मी शेरा वाचला नव्हता.

ते पुन्हा महागावकडे गेले तेव्हा वाट वाकडी करून सुनंदाकडे गेले आणि सांगून आले, मॅडमनं पाह्यलं, काही असतं तं बलावलं असतं. हे त्यांनी मला मोठ्या समाधानानं सांगितलं. तिनं त्यांना जेवू घालूनच पाठवलं होतं.

दिवाळीनंतर एका सकाळी प्रल्हाद हरभऱ्याला पाणी सोडायला एकटाच विहिरीवर गेला. पडताना त्याला कुणी पाहिलं नाही. दुपारपर्यंत आला नाही म्हणून भाऊबंद बघायला गेले, तेव्हा मोटार चालूच होती आणि तो पाण्यात होता.

गावंडेभाऊंनी वर्षाचा फॉर्म आणून माझ्या टेबलावर ठेवला. शेऱ्याचा रकाना त्या दिवशी पहिल्यांदाच कोरा होता. टोपी काढून त्यांनी हातात धरली होती.

"मॅडम, तुम्ही वाचलं होतं ना?"

त्या वेळी 'नाही' म्हणायला मला फार तर एक श्वास लागला असता. मी म्हणाले, "वाचलं होतं, भाऊ. पण तेवढ्यावरून तसं काही वाटलं नाही."

त्यांनी मान हलवली. "मंग माहंच लिवनं कच्चं पडलं," असं पुटपुटत ते गेले.

दार लोटून मी जुना गठ्ठा सोडला आणि तो शेरा वाचला. 'बायको म्हनते बरा हाये, पन सासऱ्यासमोर म्हनली. मांगं येऊन रडली. सांगते का तो मधीच थांबते, डोळे एका जागी लागते, हातातलं खाली पडते, ओठ चावल्यावानी करते. घडीभर तसाच. मंग इचारलं तं म्हनते काही नाही झालं. माह्यासमोरबी तमाखू घोटता घोटता थांबला, चुना सांडला. विहिरीवर एकटा जाते. मॅडमनं बलावून पाहावं.' शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या.

अंगाला हिसके न येता नुसती शुद्ध हरपणारा हा अपस्माराचा झटका असतो. डोक्याला मार लागलेल्यांत तो पुढे कधीही उद्भवू शकतो आणि बहुतेकांना गोळ्यांनी आराम पडतो. इतकं स्वच्छ वर्णन मी पुस्तकात वाचलेलं नाही. फॉर्मवर मृत्यूचं कारण लिहायचं होतं. मी 'पाण्यात बुडून' लिहिलं. त्याखाली 'मूळ दुखापतीशी संबंध' असा प्रश्न होता, त्यापुढे मी 'नाही'वर खूण केली. ती खूण करताना मी क्षणभरही थांबले नाही, हे मला जास्त बोचतं.

त्यानंतर गावंडेभाऊंचे शेरे बदलले. लहान झाले, रकान्यात नीट मावायला लागले. 'रुग्णाची प्रकृती समाधानकारक असून दैनंदिन व्यवहार सुरळीत आहेत.' दहा फॉर्मवर हेच वाक्य दहादा. ऱ्हस्वदीर्घ निर्दोष. मी विचारलं तेव्हा ते ओशाळं हसले.

"माहं पयलेचं लिवनं तुमच्यापर्यंत पोचत नोयतं ना मॅडम. लिवलं तं होतं म्या समदं, पन गावठी लिवलं. शुद्ध लिवलं असतं तं तुमच्या ध्यानात आलं असतं. आता नात शिकवते मले. नववीत हाये."

त्या क्षणी तरी मी सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर त्यांच्या अक्षराचं कौतुक केलं. अख्ख्या जिल्ह्यात माणूस आतून बदललाय हे ओळखणारी एक नजर होती, ती मी माझ्या हातानं मिटवली आणि वर शाबासकी दिली. तंबाखूची पुडीही त्यांनी पुढे नेणं सोडलं. आता ते ओसरीवर बसायचे, प्रश्न वाचायचे, 'होय' लिहायचे आणि उठायचे. काम झपाट्यानं होऊ लागलं. सर म्हणाले, म्हातारा आता तयार झाला.

प्रकल्प संपला, निबंध छापून आला. निरोपाच्या दिवशी शाल देताना मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं नाही. ते दिग्रसला मुलाकडे कायमचे राहायला गेले.

दोन वर्षांनी पुसदला एका शिबिराला जाताना मी दिग्रसला गाडी थांबवली. ठरवून नाही. कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर आहे हे माहीत होतं, आणि वळण जवळ आल्यावर मला पुढे जाववेना. ते बाजेवर बसले होते, दम्यानं आणि हृदयाच्या दुखण्यानं अर्धे झालेले. सून चहा करायला आत गेली आणि मी एका दमात सगळं सांगून टाकलं. जिन्यातलं, टेबलावरचं, त्या खुणेचं.

मग त्यांनी विचारलं, "म्हंजे माहं लिवनं बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"समजन्यासारखं होतं?"

"कुणालाही समजलं असतं, भाऊ."

त्यांनी भिंतीला डोकं टेकलं. "दोन वर्साच्या वर झालं मॅडम, कोनाच्या घरी बसलो आन काही दिसलं, तरी मी बोलत नाही. म्हनलं, आपल्याले कायचं समजते."

मला रडू आलं. त्यांनी मला थोपवलं नाही, धीरही दिला नाही. रडून झाल्यावर म्हणाले, "मले सांगतलं, तुमचं मन हलकं झालं. पन हे सुनंदाले सांगा. ते पोरगी अजूनबी म्हनते, मी सासऱ्यासमोर बरं हाये म्हनलं, म्हनून माहा मानूस गेला. मी जातो मधीमधी तिच्याकडं. दरखेपी हेच. सांगतलं होतं तिनं, माह्याजोळ रडून सांगतलं होतं, पन तिच्या ध्यानात फक्त ते 'बरं हाये'च राह्यलं."

"मी एकटी कशी जाऊ?"

"मी येतो संगं. पन बोलनं तुमचं."

पुढचा रविवार ठरला. रविवारी माझी बैठक निघाली. त्याच्या पुढच्या वेळी विद्यार्थ्यांच्या परीक्षा होत्या. तिसऱ्या वेळी ते टोपी घालून दिग्रसच्या स्टँडवर येऊन उभे होते आणि मी फोन करून सांगितलं की गाडी बंद पडली. गाडी दारात उभी होती, धुऊन पुसून. "ठीक हाये मॅडम," एवढंच ते म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं. चौथा दिवस त्यांनी मागितला नाही आणि मीही सुचवला नाही.

त्यानंतर महिन्याभरानं त्यांच्या नातीचा फोन आला. आजोबा झोपेतच गेले, तेरवीला या, म्हणाली. मी गेले. आसपासच्या गावांतून कितीतरी माणसं आली होती. डोक्यावर टाक्यांची खूण असलेली, काठी टेकत चालणारी, बायकोनं हात धरून आणलेली. मी सुनंदाला शोधत होते. ती कुठे दिसेना. दिग्रसहून तिचं गाव काही लांब नाही. तिनं येऊ नये याचं मला नवल वाटलं.

त्या दिवशी मी माघारी फिरले नाही. तशीच महागावच्या रस्त्याला लागले. ऊन चढलं होतं. सुनंदा अंगणात वाळत घातलेल्या कापसातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचून काढत बसली होती. सासरे आता नव्हते. मुलगी शाळेत गेली होती. तिनं मला ओळखलं, खाट टाकली, पदरानं हात पुसले. मी बसले नाही. उभ्यानंच सांगितलं. तू सांगितलं होतंस, त्यांनी लिहिलं होतं, मी वाचलं नाही. वाचलं म्हणून खोटं सांगितलं. तुझ्या बोलण्यानं काहीही झालेलं नाही.

तिच्या हातातला कापूस हातातच राहिला.

"गावंडेभाऊ तं वेगळंच सांगून गेलते," ती म्हणाली.

"कधी?"

"महिना झाला असंन. एकटेच आलते, एसटीनं. लय धाप लागत होती. म्हने, सुनंदा, तू मले समदं सांगतलं होतं, म्याच कागदावर लिवलं नाही. आळस केला. मॅडमनं पाह्यलं म्हनलो, तेबी खोटंच. मॅडमले कायचा पत्ता राहीन? म्हने, तुही चूक नाही पोरी, माही हाये."

"मग?"

"मंग काय. मी लय बोलली त्यायले. तोंडाले आलं ते बोलली. माह्या लेकराचा बाप खाल्ला म्हनलं. ह्या अंगनात घडीभर उभं राहू देल्लं नाही. ते मान खाली घालून गेले, उलटून एक शब्द बोलले नाही. मयतीचा निरोप आला, मी गेली नाही. आज तेरवी होती, तरी गेली नाही."

ती रडत नव्हती. कापूस बोटांनी पिंजत होती, त्यात कवडी उरली नव्हती तरी पिंजत होती. मग तिनं मान वर केली.

"तुम्ही महिनाभर अगोदर काहून नाही आल्या, मॅडम?"

बैठक, परीक्षा, गाडी, सगळं माझ्या जिभेवर होतं.

"भीती वाटली," मी म्हणाले.

तिनं हातातला कापूस ढिगात टाकला.

"तेबी भेलेच असतीन," ती म्हणाली. "तरी आले."